नव्या बाईच्या सुटणाऱ्या गाठी

जे. पी. नगरच्या ज्या दुकानात मी काम करते तिथे साड्यांना कुच्चू, म्हणजे पदराचे गोंडे, करून देतात. पदराच्या टोकाला ज्या सुट्या दशा असतात त्यांचे सारखे जुडगे करायचे, रेशमी धागा घालायचा, मणी ओवायचा आणि गाठ मारायची. इकडे कन्नड मुलखात लग्नाच्या साडीला कुच्चू लागतातच.

लग्नसराईच्या तोंडावर मालकीणबाईंनी एक नवी बाई आणून माझ्यासमोर बसवली. आनेकलहून बसने येणारी, घरी आमच्यासारखंच मराठी बोलणारी. मालकीण कन्नडमध्ये म्हणाल्या, "हिला शिकव. सराई संपली की मला एकच बाई पुरेल."

एक म्हणजे कोण, ते बोलल्या नाहीत. मी "सरी अम्मा", म्हणजे बरं बाई, म्हणून मान खाली घातली. विचारायची माझी हिंमत कधीच होत नाही.

मी चौथीनंतर शाळेत गेले नाही, शिकवतात कसं हे मला ठाऊक नव्हतं. मी हळूहळू करून दाखवायची, ती बघायची. पण तिचे जुडगे लहानमोठे व्हायचे आणि गाठ जरा ओढली की सुटायची. मग मी सगळं उसवून परत करायची. उसवलं की रेशीम भुसभुशीत होतं, म्हणजे बोलणी मलाच.

"अक्का, तुम्ही रागावलात तरी बोलत नाही," ती हसून म्हणाली. "आमच्या सासूबाईंना चार दिवस तुमच्याकडे पाठवायला पाहिजे."

मला हसू आलं नाही, कारण एक गोष्ट मी पाहिली होती. धागा घेतल्यावर तिने तो पोटरीवर ठेवून तळहाताने एकदाच वळला होता. ते मी तिला अजून शिकवलंच नव्हतं. वर्षभर हे काम केलेल्या बाईलाच ते जमतं. मग गाठ का जमू नये? मला वाटलं, ही मुद्दाम बिघडवते. माझ्या हातून साड्या खराब होतात असं अम्मांना दिसावं, आणि सराईनंतर माझी खिडकीजवळची जागा हिला मिळावी.

तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवली. ती मणी कुठून येतात विचारायची, मी "माहीत नाही" म्हणायची. नवीन नमुना करताना मी तिच्याकडे पाठ करून बसायची.

एके दुपारी जेवण झाल्यावर मी डबा धुवायला मागे गेले आणि लगेच परत आले. अम्मा आत जरा आडव्या झाल्या होत्या. दोरीवर टांगलेल्या साडीआड ती बसली होती, आणि तिचा हात असा चालला होता की मी दारातच थांबले. गाठीमागून गाठ, एकसारखी, घट्ट. सगळं डाव्या हाताने.

मला पाहून तिने हात पदराखाली घेतला. "अम्मांना सांगू नका, अक्का."

"आधी कुठे केलंस हे काम?"

"आमच्या गावातच. नवरीच्या साडीला मी डावा हात लावला म्हणून नवरीकडच्या लोकांनी साडी परत केली. मला कामावरून काढलं. तेव्हापासून उजव्याने करते, पण हा हात ऐकत नाही."

आमच्या दुकानातही तीच रीत आहे. नवरीच्या साडीला गाठ उजव्या हातानेच, डाव्याने नुसतं धरायचं. अम्मा पहिल्या गाठीला कुंकू लावतात तेव्हाही गाठ मारणारीचा हात बघतात.

ती खरं बोलते की नाही, मला कळेना. आनेकलला कोण विचारायला जाणार? संध्याकाळी अम्मांनी विचारलं, "काय, शिकली का?" डाव्या हाताचं एकदा सांगितलं असतं तर माझी काळजी मिटली असती. ती खाली बघून दशा विंचरत होती, तिचे कान लाल झाले होते.

"स्वल्प स्वल्प येतंय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तिला अम्मांच्या गल्ल्याकडे पाठ करून बसवलं, डावा हात दिसू नये म्हणून. आता तिने केलेला पदर उसवावा लागत नाही. परवा अम्मा दोन साड्या शेजारी धरून म्हणाल्या, "ही कुणी केली? छान आहे." ती तिची होती. मी सांगितलं, आणि रात्री मला जेवण गेलं नाही.

सराई अजून संपलेली नाही. काल ती म्हणाली, "अक्का, खिडकीजवळची तुमची जागा मला द्याल? तिथे उजेड उजवीकडून येतो. इथे माझ्याच हाताची सावली पडते."

ते खरं आहे, मी तिच्या जागी बसून डाव्या हाताने गाठ मारून बघितली. पण मी अजून उत्तर दिलेलं नाही.