शारजाचे गोल चौक आणि मंजिरीची सातवी टेस्ट

मुंबईहून निघालेलं विमान अर्ध्या वाटेवर असताना मी अनारशांचा डबा उघडला. शेजारी साताऱ्याकडचे एक गृहस्थ होते, अजमानला क्रेन चालवायचे. त्यांना एक द्यावा म्हणून मी डबा पुढे केला, तर ते हात मागे घेऊन म्हणाले, "आजी, ही खसखस न्हवं का?"

"हो. अनारशाला खसखस लागतेच."

"अहो, तिथं खसखशीला बंदी हाय! अफूच्या झाडाची म्हणून. आत घालतील की तुम्हास्नी!"

मंजिरीने फोनवर मला तीनदा बजावलं होतं, "आई, खसखस आणू नका." खसखशीची पुडी मी आठवणीने घरी ठेवली होती. अनारशांवर तीच लावली आहे हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही! मग मी, ते गृहस्थ आणि पुढच्या रांगेतले चार जण अशा सहा जणांनी मिळून पंधराच्या पंधरा अनारसे संपवले. सांडलेली खसखस कागदी रुमालात गोळा करून हवाईसुंदरीच्या हवाली केली आणि डबा दोनदा पुसला. शारजाच्या विमानतळावर तो कुणी उघडूनही पाहिला नाही.

सई, निखिल, शिरीषमामाकडे काय काय पाहिलं ते सगळं लिही, असं तुम्ही टोरांटोहून कळवलं होतंत. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते आहे. हे नव्वदच्या दशकाच्या अखेरचं आहे. मी हिवाळ्यात दोन महिने तिथे होते.

मामाचं घर शारजाच्या रोल्ला भागात पाचव्या मजल्यावर होतं. रोल्ला म्हणजे वड. तिथे पूर्वी मोठा वड होता म्हणतात. आता साड्यांची, सोन्याची आणि घड्याळांची दुकानं आहेत, आणि खाली उतरलं की मल्याळम, सिंधी, पुश्तू अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. कोपऱ्यावरच्या बकाल्यात (किराणा दुकानात) कढीलिंबसुद्धा मिळतो. मात्र घरांना नंबर नाहीत. पत्ता विचारला की लोक म्हणतात, "घड्याळाच्या दव्वारवरून उजवीकडे, बँकेच्या मागे." दव्वार म्हणजे रस्त्यातला मोठा गोल चौक. मध्ये हिरवळ आणि फुलं, सभोवती तीन-तीन रांगांनी धावणाऱ्या गाड्या. आत असलेल्या गाडीचा हक्क पहिला, बाहेरच्याने थांबायचं आणि फट दिसली की शिरायचं.

ही फट मंजिरीमामीला दिसत नव्हती. तेवढ्यापायी ती ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये सहा वेळा नापास झाली होती.

"तुझी सून दव्वारपाशी सगळ्यांना 'या, बसा, आधी तुम्ही' करत उभी राहते," शिरीष म्हणाला.

"तू स्वतः कितव्यांदा पास झालास, ते सांग ना आईंना," मंजिरी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"चौथ्यांदा. पण ते जाऊ दे."

नऊ वर्षांची इरा वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "मम्मा इज टू पोलाइट, आजी."

यात थट्टेपेक्षा जास्त काही होतं, ते मला पहिल्या शुक्रवारी कळलं. तिकडे सुट्टी शुक्रवारी. शिरीष आम्हाला घेऊन रास अल खैमाला निघाला. पेट्रोल भरताना म्हणाला, "इथे पेट्रोलपेक्षा पाणी महाग." पाण्याची बाटली घेतली दीड दिरहमला. "म्हणजे आपले सतरा-अठरा रुपये," तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला. इतकी वर्षं झाली तरी त्याचा हिशेब सुटलेला नाही. शहर संपलं तशी वाळू आधी सायीच्या रंगाची होती, मग हळूहळू लाल झाली. रस्त्याच्या कडेने कुंपण घातलेलं, तरी दोन उंट त्याच्या अलीकडे उभे होते आणि गाड्या त्यांना मान देऊन थांबल्या होत्या. नंतर उजव्या हाताला राखाडी डोंगर दिसायला लागले. झाड नाही, गवत नाही. आणि पायथ्याशी कारखान्यांची धुराडी.

तिथे एका नव्या बैठ्या इमारतीपुढे मंजिरीने गाडी थांबवायला सांगितली. ती पाणी तपासण्याची प्रयोगशाळा होती. सुट्टीमुळे बंद. मंजिरीने ओढणीने काचेवरची धूळ पुसली आणि डोळ्यांभोवती हात धरून आत पाहिलं.

"आई, ते टेबल बघा. त्याच्यावरचं यंत्र अगदी नवं आहे."

मंजिरी रसायनशास्त्रात एम.एस्सी. पुण्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे गेली आणि तेव्हापासून घरीच होती. आता ही नोकरी चालून आली होती, पण कारखान्यांत आणि टाक्यांवर स्वतः गाडीने जाऊन नमुने आणायचे होते. लायसन्स महिनाअखेरपर्यंत दाखवा, नाहीतर दुसरीला घेऊ, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. महिना संपायला अठरा दिवस उरले होते.

सातवी टेस्ट शनिवारी सकाळी होती. मी सोबत गेले. बायकांची वेगळी खोली होती, थंडगार, आणि तिथे इतक्या देशांच्या बायका एकत्र बसल्या होत्या की मला आमच्या शाळेच्या भूगोलाच्या तक्त्याची आठवण झाली. फिलिपिनो, सुदानी, केरळच्या दोन नर्सेस, एक कराचीची डॉक्टर. तीन-तीन जणींना एका गाडीत बसवून नेत. टेस्ट घेणारी पोलीस बाई अरबच, तिशीची, गणवेशावर डोक्याला काळा रुमाल. नाव मोझा. तिच्या नावाने सगळ्या खोलीला धडकी भरलेली.

माझ्या शेजारी एक वयस्क अरब बाई बसली होती. तिच्या चेहऱ्यावर पितळेचा मुखवटा आहे असं मला आधी वाटलं. जवळून पाहिलं तर ते चकाकी आणलेलं कापड होतं. जुन्या बायका त्याला बुरगा म्हणतात. तिने थर्मासमधून माझ्यासाठी गहवा (वेलदोड्याची कडू कॉफी) ओतला. वाटी इवलीशी. मी संपवली की ती पुन्हा भरायची. नको कसं म्हणावं, म्हणून मी पीत राहिले. सातव्या वाटीला ती हसून म्हणाली, "बस करना है तो ऐसा करो," आणि तिने रिकामी वाटी दोन बोटांत धरून हलवून दाखवली.

हिंदी तिला नवऱ्यामुळे येत होतं. तो खजूर घेऊन गलबताने मुंबईला जायचा. तिच्या तरुणपणी इथेही रुपयाच चालत होता. नाव विचारलं तर म्हणाली, "उम्म सैफ." म्हणजे सैफची आई. थोरल्या मुलाच्या नावाने बाईला ओळखायची तिकडे पद्धत आहे.

"बहू क्या काम करेगी?"

"पानी की जाँच."

ती खो-खो हसली. "हम ज़बान से करते थे! गधे पर पानी आता था, डिब्बे में. माँ कपड़े से छानती थी, कीड़े के लिए. घर खजूर के पत्तों का. अब देखो." तिने एसीच्या झोताकडे हात केला.

मला ती फार आवडली. म्हणून मी मन मोकळं करत म्हटलं, "वो जो टेस्ट लेती है ना, बहुत सख़्त है. मेरी बहू को छह बार फेल किया. दिल ही नहीं है उसको."

"दिल है," उम्म सैफ शांतपणे म्हणाली. "मैंने बनाया. मेरी बेटी है."

माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच समजा. पण तिला राग आला नव्हता. मोझा पोलिसात जायची म्हणाली तेव्हा भावांनी अट घातली होती की ती एकटी जाणार नाही. "तो मैं आई. पहला साल चौकीदारी. अब गपशप," ती म्हणाली. मग जरा पुढे झुकून तिने विचारलं, "तुम्हारी बहू का बोलूँ उसको?"

मुलांनो, मी तीस वर्षं शाळेत प्रवेशाचं काम पाहिलं. कुणाची चिठ्ठी घेऊन आलेल्यांना मी बाहेरच्या बाकावर बसवून ठेवत असे. वशिल्याची मला चीड होती. पण त्या क्षणी मला ओढणीने काच पुसणारी मंजिरी दिसत होती. मी मान हलवली. हो म्हणून.

उम्म सैफ उठून बाहेर गेली. खिडकीतून मला दोघी दिसत होत्या. मोझाने ऐकून घेतलं. मग आईचा दंड धरून तिला परत खुर्चीपाशी आणून बसवलं, भराभर अरबीत काही सुनावलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, प्लीज. माय मदर इज नॉट पोलीस."

दार बंद झालं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. शेजारी उम्म सैफचे खांदे हलत होते. मी घाबरून पाहिलं तर ती हसत होती.

"देखा? माँ को भी नहीं छोड़ती! मेरा घर एक लफ़्ज़ से मिला. किसी ने बड़े साहब को बोला, मिल गया. इसकी नौकरी भी, मेरे भाई ने बोला. और अब ये किसी का सुनती नहीं." तिच्या आवाजात तक्रार नावालाही नव्हती.

अर्ध्या तासाने केरळची एक नर्स धावत आत आली. "अम्मा, आपका बहू खलास!"

मी ताडकन उठले. डोळ्यांपुढे उलटलेली गाडी. उम्म सैफने मला खाली बसवलं. तिकडे खलास म्हणजे नुसतं 'झालं, संपलं'.

मंजिरी आली ती चेहरा पाडूनच. सहा वेळा थांबून नापास झालेली, या वेळी दव्वारमध्ये घाईने शिरली होती, आणि मोझाला ब्रेक दाबावा लागला होता. आम्ही टॅक्सीने घरी आलो. मान हलवल्याचं मी कुणालाच सांगितलं नाही.

पुढची तारीख मिळाली ती महिनाअखेरच्या आदल्या दिवसाची. मधले दिवस ती रोज पहाटे शिक्षिकेबरोबर सराव करायची, आणि जेवताना मीठ-तिखटाच्या बाटल्या मांडून इरा तिची परीक्षा घ्यायची. "नाऊ, मम्मा! गो! यल्ला!" टेस्टच्या दिवशी मी मुद्दाम घरी थांबले आणि दुपारपर्यंत दोन किलो मटार सोलले. एवढ्या मटाराचं पुढे काय करायचं हे ठरलेलं नव्हतं.

दार उघडून मंजिरी आत आली, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आई, चहा टाका ना. आज मी टाकणार नाही." मग ती खुर्चीत बसून रडायलाच लागली, आणि मी समजले की पास झाली.

टेस्ट मोझानेच घेतली होती. कागदावर सही करताना एवढंच म्हणाली होती, "गुड. नॉट टू पोलाइट."

माझ्या परतीच्या दिवशी मला विमानतळावर मंजिरीने सोडलं. नोकरीवर रुजू होऊन तिला तीन आठवडे झाले होते. गाडीत मागे बाटल्यांची खोकी खुळखुळत होती. मी दोन महिन्यांपूर्वी आले तेव्हा जिथे नुसते खांब होते, तिथे आता काचा बसल्या होत्या. मला हा देश कसा वाटला, असं तुम्ही विचाराल. घाईत वाटला, पण गोंधळलेला नाही. तेलातून पैसा आला की इमारती उभ्या राहतात, यात नवल नाही. मला नवल वाटलं ते एका माणसाच्या शब्दावर घर मिळालेल्या बाईच्या मुलीचं. ती आईचा शब्द परत करते आणि आई खूश होते!

शेवटच्या दव्वारपाशी गाडी थांबली, तेव्हा मला राहवलं नाही. "मंजिरी, सातव्या टेस्टच्या वेळी मी एक चूक केली," असं म्हणून मी सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत आहे, आई," ती डावीकडे बघत म्हणाली. "मोझाने गाडीत बसल्याबसल्या सगळ्यांपुढे सांगितलं. हिच्या सासूने शिफारस केली आहे, म्हणून आज हिची बारीकशी चूकसुद्धा सोडणार नाही."

"म्हणजे माझ्यामुळे तू घाबरून..."

"घाबरून नाही हो. मी खुशीत होते. म्हणून तर घुसले."

"खुशीत?"

"बारा वर्षांत तुम्ही माझ्यासाठी कुणाकडे शब्द टाकलात, तो पहिलाच."

फट आली. तिने गाडी आत घातली.

विमानात शेजारी कुणी बोलकं नव्हतं. मला मंजिरीच्या लग्नानंतरचे दिवस आठवत राहिले. तिने प्रयोगशाळेतली नोकरी सोडली, तेव्हा 'ही तिथे जाऊन काय करणार?' एवढंही मी शिरीषला विचारलं नव्हतं. ती निघायच्या दिवशी कॉलेजातल्या मैत्रिणी भेटायला आल्या होत्या, सगळ्याच रडत होत्या, आणि मी आत लोणच्याच्या बरणीला फडकं बांधत होते. ते मात्र घट्ट आणि नीट बांधलं होतं.

पुण्याला घरी पोचल्यावर पाय धुवायच्या आधी शारजाला फोन लावला. शिरीषने उचलला.

"पोचलीस? बरं झालं. प्रवास कसा झाला?"

"चांगला. मंजिरी आहे का?"

"अजून रस्त्यात असेल. रास अल खैमाहून येतेय. काही निरोप आहे?"

"नाही," मी म्हटलं. "आली की एवढंच सांग, आईचा फोन होता. तिच्यासाठी."