सासरे चपटे झाले

गल्लीत तिला सगळे लोकरवाली म्हणतात. बाळाच्या टोपड्यापासून कुत्र्याच्या स्वेटरपर्यंत तिने काय विणलं नाही? पण माणसाचं तोंड विणायच्या फंदात ती पडली ती सासूबाईंपायी.

"रविवारी लेकीकडे चाललेय ती कायमची. तिथे थंडी मरणाची. ह्यांचं तोंड विणून दे ब्लँकेटवर. पांघरून झोपेन."

सासरे जाऊन वर्षही झालं नव्हतं. नाही कसं म्हणणार?

नवऱ्याने लगेच अक्कल पाजळली. "अगं, फुकटचं सॉफ्टवेअर आहे एक. फोटो टाकला की रंगीत अक्षरांचं चित्र करून देतं. एक अक्षर म्हणजे एक टाका. त्या रंगाची लोकर घे नि विणत सूट!"

छापलेल्या कागदावर सासरे हुबेहूब होते. हनुवटीपासून वर, मान मोडेस्तोवर तिने विणलं. आज शेवटची ओळ बंद करून ब्लँकेट पलंगावर पसरलं आणि ती किंचाळलीच.

"अहो, इकडे या आधी!"

नवऱ्याने मान तिरकी केली. "बाबांवर कोण बसलं होतं?"

"हसू नका! फुकटचं म्हणून काहीही गळ्यात मारता."

"त्याला कशाला बोलतेस? कागदावर बरोबर आहे की."

तिने कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. अक्षर अंगाने उंच. ते धरूनच सॉफ्टवेअरने ओळी कमी घेतल्या होत्या. टाका मात्र बसका, उंचीपेक्षा रुंद.

"मला काय माहीत टाका बसका असतो ते?"

"तुम्हाला माहीत काय असतं? आणि मलाही मेलीला सुचू नये!"

आरडाओरडा ऐकून सासूबाई आल्या. "हे कोण?"

"बाबा," नवरा पुटपुटला.

"माझा नवरा मला कळत नाही होय? धर ते टोक."

मायलेकांनी ब्लँकेट उभं ताणलं. गाल आत गेले, नाक खाली उतरलं.

"आले!" नवरा ओरडला.

सासूबाई बघत राहिल्या. हात सैल पडले, तसे सासरे पुन्हा चपटे.

"ताणून भिंतीवर लावूया, आई," ती म्हणाली.

"भिंतीवर फोटो आहे. मला अंगावर हवेत."

"रविवारच्या आत दुसरं विणायला मला काय चार हात आहेत?"

"मग तिकीट पुढचं काढ रे."

"म्हणजे पुन्हा माझ्या शेजारी बसून 'नाक आलं का, नाक आलं का' करणार!"

"करणारच."

ती नवऱ्याकडे वळून फणकारली. "उघडा ते तुमचं सॉफ्टवेअर. या खेपेला माप मी सांगेन."

सासूबाईंनी पलंगावर बैठक मारली, केसांपाशी धाग्याचं टोक शोधलं आणि उसवायला लागल्या. कपाळापर्यंत भराभर आल्या. तिथे हात थांबला.

"ओढा हो आई," ती म्हणाली. "गुंता होईल लोकरीचा."