तिसऱ्या मजल्यावरचं मुसळ

कुसुम नलवडेच्या डोक्यावर रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला धपधप सुरू व्हायची. कुवेतमधल्या अर्दियाच्या टोकाला असलेल्या त्या बिल्डिंगमध्ये ती दुसऱ्या मजल्यावर राहायची, आणि आवाज यायचा तिसऱ्यावरून. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, वरची मंडळी मसाला कुटत असतील. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, माणूस कुटत असतील. मग एक दिवस कुसुम नर्स होती त्या बाळंतिणींच्या वॉर्डात नवी नर्स रुजू झाली, सहा फूट उंच, नायजेरियाची. तिनं पत्ता सांगितला तेव्हा कळलं, ती कुटणारी हीच.

तिचं नाव ओबियागेली. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, जी खायला-प्यायला, सुख भोगायला जन्माला आली ती. अर्थ सांगताना ती स्वतःच पोट धरून हसली. तिच्या नवऱ्याला, बेनेडिक्टला, कुटलेल्या सुरणाच्या गोळ्याशिवाय घास उतरत नसे. तसला सुरण कुवेतमध्ये कुठला मिळायला? मग ती बटाटे उकडायची, त्यात रवा घालायची आणि गावाहून आणलेल्या लाकडी उखळात पाऊण तास कुटायची. बारा तास वॉर्डात उभं राहून आल्यावर. कालचं चालायचं नाही, गरम केलेलं चालायचं नाही. बेनेडिक्ट शहराच्या शर्क भागातल्या एका ऑफिसात हिशेब बघायचा आणि घरी आला की ताटाची वाट बघायचा.

कुसुमला हसू यायचं आणि लगेच मावळायचंही, कारण खाली दुसऱ्या मजल्यावर निराळं काही नव्हतं. मिरजेला नर्सिंग शिकलेली, कराडकडची ही पोरगी अकरा वर्षांपूर्वी दिनकरशी लग्न करून इथं आली. दिनकर राई नावाच्या वस्तीत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या शोरूममध्ये कामाला होता. शेकडो नटबोल्टांचे नंबर त्याला तोंडपाठ होते, पण घरात साखरेचा डबा कुठला हे अकरा वर्षांत समजलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं, म्हणून सासरची माणसं पत्रातून कुसुमलाच टोचायची. तीही आपली घरचं काम म्हणून सगळं मुकाट करत राहायची. घरोघरी मातीच्या चुली, म्हणतात ना. इथं गॅसच्या, एवढाच फरक.

मग नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी रणगाडे आले. राईतलं शोरूम तिसऱ्या दिवशी लुटलं गेलं, शर्कमधलं ऑफिस बंद पडलं, आणि दोन्ही नवरे घरी बसले. ओळखीतले अर्धे लोक बसेस धरून अम्मानच्या वाटेनं मायदेशी गेले. दिनकर म्हणाला, "दोन महिन्यांत जातील हे. आपण कशाला पळायचं?" कुसुमचा पाय निघत नव्हता तो दुसऱ्याच कारणानं. वॉर्डात चाळीस बाळंतिणी आणि उरलेल्या नर्सा सहा. बाळं काही रणगाडे बघून थांबत नाहीत.

आता दिनकर आणि बेनेडिक्ट आणखी दोन गडी जमवून दिवसभर कुसुमच्या बैठकीत पत्ते खेळायचे. एकाला दुसऱ्याची भाषा धड कळत नव्हती, पण बायकोनं काय काय करावं ह्यावर त्यांचं बिनशब्दांचं एकमत होतं. दोघी पहाटे निघून दोन मैल चालत हॉस्पिटल गाठायच्या, परतताना खुबुससाठी, म्हणजे तिथल्या रोटीसाठी, रांगेत उभ्या राहायच्या, आणि घरी येऊन चुलीपुढे. रांगेतही हे दोघे कधी उभे राहिले नाहीत. बायकांची रांग छोटी असते, हे त्यांचं उत्तर.

एकदा कुसुम सलग सव्वीस तास ड्यूटी करून सकाळी दहाला घरी आली. जाताना तिनं स्वतःपुरता भात झाकून ठेवला होता. पातेलं धुऊनसुद्धा ठेवलेलं नव्हतं, नुसतं रिकामं. पत्त्यांच्या मंडळींनी खाल्ला होता. ती स्वयंपाकघरातच फरशीवर आडवी झाली. डोळा लागतो न लागतो तोच दिनकरनं पायाच्या अंगठ्यानं ढोसून तिला उठवलं. "अगं, चहा टाक. चार कप." तिनं चार कप चहा टाकला. मनातल्या मनात तिनं त्या चहात काय काय कालवलं ते लिहिण्यासारखं नाही.

ओबियागेलीला तेव्हा पाचवा महिना होता. सात वर्षांनी दिवस राहिले होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्याकडचा गॅस संपला. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे राखणदार, ऑगस्टातच पळाला होता, आणि लिफ्ट दुरुस्त करणारा त्याच्याही आधी. तिनं बेनेडिक्टला सांगितलं, सिलिंडर आणा. तो म्हणाला, "मी सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढलो, तर लोक काय म्हणतील? माझ्या बापाच्या घरात पुरुषांना स्वयंपाकघर कुठल्या दिशेला ते माहीत नव्हतं." मग भरलेला सिलिंडर तिनंच आणला, पायरी पायरी उचलत, तीन मजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच्याच वॉर्डात पेशंट म्हणून आडवी होती. मुलगी होती. कुसुमनं ती हातात घेतली, पुसली, फडक्यात गुंडाळली आणि आईला दाखवली. डॉक्टर म्हणाले, वजनामुळंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. कुसुम नर्स होती, तिलाही ते कळत होतं. पण अकराच्या सुमाराला बेनेडिक्ट आला, कॉटपाशी दोन मिनिटं उभा राहिला, आणि बाहेर पडताना त्यानं कुसुमला विचारलं, "सिस्टर, हिला घरी कधी सोडाल? कालपासून धड जेवण नाही."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते कुसुमला त्या क्षणी कळलं. ती आत जाऊन ओबियागेलीच्या कॉटवर बसली आणि म्हणाली, "ह्याला सोडायचं नाही." दोघींची भाषा म्हणजे वॉर्डातली इंग्रजी आणि बाजारातली अरबी, पण हे वाक्य नीट पोचलं.

मग ओबियागेलीनं आजीची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावात एखाद्या पुरुषानं बायकोला छळलं, तर गावातल्या सगळ्या बायका मुसळं घेऊन त्याच्या दारात जायच्या. दार, भिंती बडवायच्या, त्याची लक्तरं गाण्यातून काढायच्या, आणि तिथंच ठाण मांडायच्या. त्याला खाऊ द्यायच्या नाहीत, झोपू द्यायच्या नाहीत. तो बाहेर येऊन चारचौघांत चूक कबूल करेपर्यंत कोणी हलायचं नाही. ह्याला म्हणतात पुरुषावर बसणं.

"मी काही बोलले की बेनेडिक्ट म्हणतो, तुला गोऱ्या बायकांचा रोग लागला," ती म्हणाली. "माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. तिला कुठली गोरी बाई शिकवायला आली होती?"

"तुला काय पाहिजे त्याच्याकडून?" कुसुमनं विचारलं.

"भरलेला सिलिंडर. त्याच्या खांद्यावर, त्याच जिन्यानं, सगळ्यांदेखत. आणि तोंडानं कबूल करायचं."

पंधरा दिवसांनी, शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, बेनेडिक्ट अजून अंथरुणात होता तेव्हा ओबियागेली पुन्हा रिकामा झालेला सिलिंडर आणि मुसळ घेऊन बाहेर आली आणि दारासमोर बसली. कुसुमनं घरातला लोखंडी बत्ता आणला. चौथ्या मजल्यावरची रबिया, रत्नागिरीकडची, तिचा नवरा शिंपी, जिना उतरताना थबकली. काय चाललंय ते ऐकलं आणि म्हणाली, "थांब गो, मी पन येतंय. लाटणा घेऊन येतंय." वॉर्डातल्या दोन फिलिपिनो नर्सा पातेल्यांची झाकणं घेऊन आल्या. झाल्या पाच.

मुसळ दारावर पडलं तशी सगळी बिल्डिंग हलली. बेनेडिक्टनं दार उघडलं, बघितलं आणि धाडकन लावून आतून कडी घातली. ओबियागेली तिच्या भाषेत गाऊ लागली. शब्द कुणालाच कळले नाहीत, पण ती कुणाला काय म्हणते आहे हे भिंतींनाही कळत असावं. तासाभरानं तिचा गळा बसला. रबियानं लग्नातलं, व्याह्याची टर उडवणारं एक गाणं म्हटलं. मग सगळ्या कुसुमकडे बघू लागल्या.

कुसुमला गाणं कुठलं येणार? येत होत्या त्या जात्यावरच्या ओव्या, मावशीच्या तोंडून ऐकलेल्या. त्यात भाऊराया, माहेर, पंचमीचा सण. इथं काय कामाच्या? तिनं बत्ता आपटला, तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते बेनेडिक्टबद्दल नव्हतंच.

रात्रपाळी करूनिया, आले उंबऱ्याशी बाई
धनी म्हणे ऊठ आता, चहा टाकायची घाई

तिचं तिलाच नवल वाटलं. पण एकदा बांध फुटल्यावर पाणी विचारत नाही कुणाच्या शेतात जाऊ. रबियाला मराठी कळत होती, तिनं "गो बाय!" म्हणून लाटणं जोरात आपटलं.

माझ्या वाटणीचा भात, झाकून मी ठेविला गं
पत्ते पिसता पिसता, त्यानं तोही जेविला गं

नेमका तेव्हाच दिनकर जिन्याच्या वळणावर उभा होता, मागे पत्त्यांचे दोन गडी. चहा का आला नाही ते बघायला वर आले होते. त्यातला एक सांगलीचा होता. त्याला ओवीतला शब्दन् शब्द कळला, कारण तो भात त्यानंही खाल्ला होता. तो मान खाली घालून निघून गेला. दिनकर हळूच म्हणाला, "कुसुम, चल खाली. लोक बघतायत." कुसुमनं त्याच्याकडे बघत बघत तिसरी ओवी म्हटली, अंगठ्याची. दिनकर खाली गेला.

तेवढ्यात बुटांचा आवाज आला. कोपऱ्यावरच्या चौकीवरचे दोन इराकी सैनिक बंदुका घेऊन वर आले. झाकणं थांबली. थोरला सैनिक बंद दाराकडे बघून अरबीत ओरडला, "आत कोण? कोण लपलाय?"

त्या दिवसांत घरातनं नेलेली माणसं परत येत नव्हती. बेनेडिक्टला न्यायला एक शब्द पुरला असता. खरं सांगायचं तर कुसुमच्या जिभेवर तो शब्द आला होता. फडक्यातली ती मुलगी तिला दिसत होती, आणि तिच्या मनात दयामाया नव्हती. दाराआड बेनेडिक्टचा श्वास ऐकू येत होता.

ओबियागेली उठली. ती त्या सैनिकापेक्षा वीतभर उंच होती. बसलेल्या गळ्यानं तिनं सांगितलं, "आत माझा नवरा आहे. तो माझा गुन्हेगार आहे, तुमचा नाही. त्याचं मी बघते."

"काय केलं त्यानं?"

तिनं रिकाम्या सिलिंडरकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या पोटाकडे. धाकट्या सैनिकानं हसायला तोंड उघडलं. थोरल्यानं त्याला कोपर मारलं आणि दोघं उतरून गेले.

कडी निघाली. बेनेडिक्ट घामानं भिजला होता. त्यानं रिकामा सिलिंडर उचलला आणि तो जिना उतरला. दीड तासानं तो परत आला, भरलेला सिलिंडर खांद्यावर. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात माणसं होती. वर आल्यावर तो सिलिंडर खाली ठेवायला लागला. ओबियागेली म्हणाली, "आधी बोल."

"मी तुला एकटीला वाहायला लावलं," तो म्हणाला. सिलिंडर अजून खांद्यावरच होता. "पोटात पोर असताना. दोष माझा आहे."

तिनं त्याला माफ केलं नाही. मुसळ त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बटाटे आत आहेत."

बायका पांगायला लागल्या. कुसुम मात्र तशीच उभी होती, बत्ता मुठीत. ती दुसऱ्या मजल्यावर उतरली, स्वतःच्या दारासमोर फतकल मारून बसली आणि बत्ता उंबऱ्यावर आपटला. वरून रबिया लगबगीनं उतरली, तिच्यामागं झाकणवाल्या, आणि सगळ्यांत शेवटी, कठड्याला धरून, ओबियागेली.

दार लगेच उघडलं. दिनकर हातात ट्रे घेऊन उभा होता, ट्रेमध्ये पाच कप. चहा निम्मा बशांत सांडलेला. साखरेचा डबा त्याला सापडला होता, हे त्याच्या शर्टावर दिसत होतं. "घे," तो म्हणाला, "केलाय मी. झालं ना आता? आत ये."

"ठेवा तिथं खाली," कुसुम म्हणाली आणि तिनं बत्ता पुन्हा उचलला. "अजून अकरा वर्षं गायची आहेत."