आधी हातानं, मंग पान्यानं

बोल्ट बसवताना ते डोळे मिटायचे. दोन बोटांनी हळूहळू फिरवत न्यायचे, तो आपसूक आत शिरला की मगच पान्याला हात. "आधी हातानं, मंग पान्यानं. आटे एकदा रुसले की ऐकत न्हाईत." असा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. आम्ही त्यांना मामा म्हणायचो.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आम्ही रोबो जोडायचो. आयटीआय करून नुकतीच लागलेली मी आमच्या मस्तगडच्या बायकांना सांगत सुटले होते, की आमचा रोबो चालणार, बोलणार, नळावरून पाणी भरणार. प्रत्यक्षात होता नुसता एक हात. खांदा, कोपर, मनगट. इथला पार्ट उचलायचा, तिथं ठेवायचा. पण मी मिरवायचे अशी, की जणू त्याला मीच जन्म दिलाय. मामा मात्र जोडून झालेल्या हाताचं मनगट धरायचे, सावकाश हलवायचे आणि कोपराला कान लावायचे. "बोल बाबा, कुठं दुखून राह्यलं?"

मग माझं लग्न झालं आणि घोडं अडलं बांगड्यांपाशी. काचेचा कण सांध्यात पडला तर बेअरिंग जाणार, म्हणून साहेबांचा नियम : बांगड्या काढा, नाहीतर पॅकिंगला बसा. सासूबाईंचा नियम : नव्या नवरीचे हात वर्षभर मोकळे दिसायचे नाहीत. रोज काढघाल करावी तर बांगड्या फुटायच्या, आणि तो त्यांना अपशकुन. "सोड ती नोकरी," म्हणाल्या. मी त्यांना स्त्रियांच्या प्रगतीवर भाषण दिलं. चांगलं लांबलचक. त्यानं नोकरी उलट जास्तच धोक्यात आली.

एका रविवारी मामा घरी आले. मला वाटलं, आता सासूबाईंना खडसावतील. ते आपले चहा पीत बसले. राजूरच्या गणपतीची गर्दी, कापसाचा भाव, कुणाची तरी गुडघेदुखी. मी दाराआडून डोळे वटारत होते.

शेवटी म्हणाले, "आक्का, एक विचारू का? बायामाणसांतलं मला काही कळत न्हाई. बांगडी रोज उतरवायची अन् फुटूबी द्यायची न्हाई म्हणलं, तर कसं करावं?"

"त्यात काय अवघड हाय? एका मापानं मोठी भरायची. सरकन निघती, सरकन जाती."

"अन् घरी येताना?"

"उंबऱ्याच्या बाहेर घालायच्या, मंग आत यायचं."

"बिलकुल बराबर. आम्हाला न्हाई सुचलं."

दुसऱ्या दिवशी सासूबाईच मला कासाराकडे घेऊन गेल्या. पुढं कितीतरी वर्षं मी हात जोडले. नमस्काराचे नव्हे, लोखंडाचे.

मामा निवृत्त होऊन राजूरकडं, आपल्या गावी गेले. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं, तेव्हा मी भेटायला गेले. घरी ते माझं कौतुक सांगत असणार, याची मला खात्रीच होती. मामींसमोर पदर सावरून बसले.

"तुम्ही व्हय त्या मस्तगडच्या? लई नाव घ्यायचे."

मी लाजले.

"तुमच्या सासूचं," मामी म्हणाल्या. "म्हणायचे, ती बाई कारखान्यात असती, तर मी खुशाल तिच्या हाताखाली काम केलं असतं."

घरी येऊन सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं.

"नुसत्या चहावर लावून दिलं मी भावाला," म्हणाल्या. "जेवून जा म्हणायला पाहिजे व्हतं."