शिट्टीवाले नाना आणि माझे पाच सेकंद

किन्हीराजाच्या वावरात शिट्टीवाले नानांनी मला पाच सेकंदांना फसवलं, आणि मरेपर्यंत त्याचं कारण सांगितलं नाही. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे, त्यामुळे वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको.

नाना बसचे कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर तिकिटाची पेटी त्यांनी जमा केली, शिट्टी मात्र गळ्यात ठेवली. काळ्या दोरीला बांधलेली ती पितळी शिट्टी लग्नात, मयतीला, बुद्धविहारात, सगळीकडे त्यांच्या छातीवर असायची. कुठेही एखादी गाडी मागे येताना दिसली की नानांना बसवत नसे. एका लग्नाच्या पंगतीत वऱ्हाडाचा टेम्पो मागे घेताना त्यांनी पाहिला आणि हाताला वरण लागलेलं असताना उठून ते त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. "येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, येऊ द्या... बस." मग टेम्पोच्या फाळक्यावर डाव्या हाताने एक थाप, आणि पुन्हा पानावर. ड्रायव्हर कोण, गाडी कोणाची, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

असा माणूस ट्रॅक्टर रिव्हर्सच्या स्पर्धेला पंच म्हणून मिळाला नसता तरच नवल. आमच्या भागात हरभरा निघाला की रिकाम्या वावरात ही स्पर्धा भरते. चुन्याच्या दोन रेघा मारतात, मध्ये एक वळण ठेवतात, शेवटी एक खांब रोवतात, आणि दोनचाकी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर त्या रेघांमधून उलटा न्यायचा असतो. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे पळते. ज्यांनी केलं नाही त्यांनी हसू नये. ज्याला वेळ कमी लागेल तो जिंकतो, आणि ट्रॉलीचं चाक रेघेला लागलं तर पाच सेकंद दंड.

या दंडावरून आधी डोकी फुटायची. नानांनी पंच होताच नियम केला की ज्याचा ट्रॅक्टर, त्याचाच माणूस खांबाजवळच्या शेवटच्या रेघेवर उभा राहील. चाक लागलं तर त्याने हात वर करायचा, नाही तर गप्प राहायचं. लोक म्हणाले, आपलाच माणूस कशाला हात वर करील? नाना म्हणाले, "उभा तर करून पाहा." आणि खरंच, माणसं हात वर करायची. काय व्हायचं कोणास ठाऊक, पण गावासमोर तिथे एकटं उभं राहिल्यावर भल्याभल्यांना खोटं बोलता यायचं नाही. दंड झाला की नाना शिट्टी मारत आणि पाच बोटं दाखवत. कारण सांगत नसत. कोणी विचारलंच तर म्हणत, "तिकिटाचा भाव होत नसते बाप्पा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बसमध्ये ऐकलं होतं. तेव्हा माझ्याकडे दुकान नव्हतं. वीटभट्टीवर ट्रॉल्या मागेपुढे करता करता मी ट्रॅक्टर शिकलो, आणि भंगारातून एक गिअरबॉक्स घेऊन बसमध्ये चढलो. नाना म्हणाले, सामानाचं तिकीट लागेल. मी म्हटलं, मांडीवर घेतो. गिअरबॉक्स मांडीवर घेऊन बसलोही. अर्धा रस्ता मी भाव केला, अर्धा रस्ता त्यांनी ते वाक्य म्हटलं. शेवटी पूर्ण तिकीट फाडलं. शेलूबाजारच्या थांब्यावर मात्र स्वतः खाली उतरून त्या ओझ्याला दुसऱ्या बाजूने हात लावला आणि विचारलं, "कुठं ठेवाचं, शेठ?" माझ्या अंगावर धड शर्ट नव्हता. त्या दिवसापासून ते मला शेठच म्हणत आले. पुढे मी जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदीविक्रीत खरोखर शेठ झालो, तेव्हाही त्यांचा सूर बदलला नाही. मी आयुष्यात ज्याच्याशी भाव करून काहीच मिळवलं नाही असा तो एकच माणूस.

आता त्या दिवसाचं सांगतो. रेघेवर माझा माणूस म्हणून माझा साळा, बायकोचा भाऊ सुभाष, उभा होता. दुकान आम्ही दोघं मिळून चालवतो. त्या दिवशी माझा हात असा चालला की मलाच कौतुक वाटत होतं. वळण एका दमात निघालं आणि ट्रॉली खांबाला टेकली. लोक दोरी ओलांडून धावले. मी खाली उतरतो तोच शिट्टी वाजली. नाना वावराच्या कडेला आपल्या डिझेलच्या रिकाम्या ड्रमवर उभे होते आणि त्यांनी हात वर केला होता. पाच बोटं. बक्षिसाची ढाल शेवटी रिठद गावच्या ड्रायव्हरला गेली.

मी सुभाषकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात खाली. "म्या नाई केला हात, भाऊजी," तो म्हणाला. मग मी नानांकडे गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यांची बहीण रिठदला दिलेली आहे, एवढं मला पुरलं. नानांनी ऐकून घेतलं, शिट्टी सदऱ्यात टाकली आणि पुढच्या ट्रॅक्टरला बोलावलं.

तेव्हापासून शेलूबाजारच्या चहाच्या हॉटेलात दोन पक्ष पडले. एक म्हणे चाक लागलं, ट्रॉलीच्या टायरला चुना होता. दुसरा म्हणे होणारच, सकाळी त्याच ट्रॉलीतून चुन्याची पोती आणली होती. एकाकडे मोबाइलवर व्हिडिओ होता. तो थांबवून, दोन बोटांनी मोठा करून सगळे पाहायचे. धूळ मोठी दिसायची. ज्यांच्या घरी सायकल नाही असे लोक ट्रॉलीच्या चाकाचा कोन टेबलावर पाणी सांडून समजावून सांगायचे. सुभाष माझ्या बाजूने सगळ्यात मोठ्याने बोलायचा. आणि नाना? नाना त्याच हॉटेलात, त्याच बाकावर, बशीत चहा ओतून पीत बसलेले असायचे. त्यांनी हॉटेल बदललं नाही, वेळ बदलली नाही.

एकदा तिथली पोरं मोबाइलवर परदेशातल्या मोटारींची शर्यत पाहत होती. तिथेही एका गाडीने पांढरी रेघ ओलांडली आणि पंचांनी तिला पाच सेकंद दंड केला. पोरांमध्ये जुंपली. थोड्या वेळाने पंचांनी कारणाचा कागद काढला आणि तो पडद्यावर आला. मी तो मोबाइल घेऊन नानांसमोर धरला. म्हटलं, "पाहा नाना, तिथं कारण लिहून देतात. तुमी काहून देत नाई?"

नानांनी चष्मा वर केला आणि पोरांकडे मान वळवली. कागद येऊनही त्यांचं चालूच होतं, उलट आता कागदातल्या एकेका शब्दावर चाललं होतं.

"मिटलं काय त्यायचं?" नाना म्हणाले. "तुले कारण सांगतलं का तू त्याचाबी भाव करशीन, शेठ."

सगळं हॉटेल हसलं. मी बशी आपटली. त्यावर नाना हळूच म्हणाले, एवढं हळू की बहुधा मीच ऐकलं, "माह्यावरच चिडत जाय तू. मले परवडते."

म्हाताऱ्याचा उद्धटपणा, असं मी समजलो. पुढची सगळी वर्षं मी त्यांच्यावर चिडत राहिलो आणि रोज त्यांच्या समोरच्या बाकावर बसत राहिलो. मी गावाला गेलो की ते हॉटेलवाल्याला विचारायचे, "आज शिव्या द्याले कोणी नाई काय?" माझ्या पोरीच्या लग्नात पाहुण्यांच्या एकूण एक गाड्या त्यांनीच लावून घेतल्या. त्या उन्हात त्यांना सरबत नेऊन दिलं, तर म्हणाले, "ठेव तिथं. मागे गाडी हाये."

गेल्या वर्षी नाना गेले. छातीचं दुखणं होतं, फार अंथरुणाला खिळले नाहीत. त्यांना उचललं तेव्हा सुभाषने पहिला खांदा दिला आणि घरापासून मसणवट्यापर्यंत बदलू दिला नाही. लोक पुढे येत, तो मान हलवून नको म्हणत चालत राहिला. मला बरं वाटलं. वाटलं, माझ्या वतीने तरी याने राग सोडला.

यंदा हरभरा निघाला आणि स्पर्धेवाले माझ्याकडे आले. नानांच्या घरून आणलेली शिट्टी पुढे धरून पंच व्हा म्हणाले. मी एका अटीवर हो म्हटलं. प्रत्येक दंडाचं कारण भोंग्यावरून सांगणार. नाना जे करत नव्हते ते करून दाखवायचं, एवढाच माझा हेतू होता. वावर तेच, वळण तेच. नानांचा ड्रमही जिथे असायचा तिथेच ठेवला होता. त्यांच्या काळात त्यावर दुसऱ्या कोणाला चढू देत नसत. मी चढलो.

चढलो आणि शेवटच्या रेघेकडे पाहिलं. रेघ दिसली नाही.

ड्रम आणि ती रेघ यांच्यामध्ये वावराचा बांध आहे. तिथून चाक दिसत नाही, चुना दिसत नाही. रेघेवर उभ्या असलेल्या माणसाचा फक्त कमरेपासून वरचा भाग दिसतो. माझं चाक नानांनी पाहिलंच नव्हतं. त्यांना ते दिसूच शकत नव्हतं. त्यांना दिसला तो एक वर झालेला हात. आणि तो हात वर झाला तेव्हा मी ट्रॅक्टरवर, ट्रॉलीच्या आड होतो, लोक धुळीच्या अलीकडे होते. नानांशिवाय तो कोणीच पाहिला नाही.

त्या दिवशी मी पंचाचं काम पार पाडलं. कसं पाडलं ते विचारू नका. तीन दंड केले, भोंग्यावरून तीन कारणं सांगितली आणि तिन्हींवर भाव झाला. डोक्यात मात्र एकच वाक्य फिरत होतं. मले परवडते. माझा स्वभाव त्यांना माहीत होता. त्या दिवशी त्यांनी सुभाषचं नाव घेतलं असतं तर मी त्याला त्याच वावरात तुडवला असता, दुकानातली भागी तोडली असती, आणि माझ्या बायकोला, कांताला, भाऊ राहिला नसता. म्हणून म्हाताऱ्याने माझा सगळा राग स्वतःच्या नावावर घेतला आणि चहा पीत बसला.

परत आल्यावर मी दुकानात सुभाषला त्या हाताबद्दल विचारलं. तो बेअरिंगचे डबे लावत होता. एकदा लावलेला डबा त्याने काढून पुन्हा लावला आणि घरी जेवायला आला नाही. कांता म्हणाली, "आता कायले उकरून राह्यले? नाना गेले. ऐकून कोणाले काय भेटते?" मी म्हटलं, "मले भेटते."

नानांनी मला फसवलं, हे पहिलं वाक्य मी खोडत नाही. पाच सेकंदांना नाही फसवलं. चुकीच्या माणसावर चिडायला लावून फसवलं, आणि हिशेब न देता निघून गेले. ते मोठे होते, त्यांना परवडलं. मला परवडत नाही.

तेव्हा सुभाष, हे तू वाचशीलच. बाजाराच्या दिवशी हॉटेलात ये. दोन्ही पक्ष तिथे असतील, नानांचा बाकही आहे. तुला मारणार नाही, भागीही तोडणार नाही, हे सगळ्यांसमोर लिहून देतो. चाक रेघेला लागलं होतं की नाही, हे या जगात आता तुला एकट्याला माहीत आहे. लागलं असेल तर तसं सांग, मी पाच सेकंद मान्य करतो. पण हात वर केलास, मला पाहून खाली घेतलास, आणि तुझ्यासमोर मी त्या माणसाला शिव्या देत होतो तेव्हा तू माझ्यापेक्षा मोठ्याने बोललास. त्याचं उत्तर तुला द्यावं लागेल. शिट्टी आता माझ्या गळ्यात आहे, आणि मी नानांसारखा नाही. मला कारण पाहिजे.