पाणी चरलं त्या दुपारी

सगळ्यात आधी नाव लिहितो – हिराबाय. करावे गावात राहणारी, बेलापूरच्या बाजारात मासळी विकणारी हिराबाय. काय घडलं ते पुढे सांगतोच, पण नाव आधी आलेलं बरं. मी लिहायला बसलो की घाबरतो, आणि घाबरलो की मुख्य तेच राहून जातं. आज मी नवी मुंबईत स्वतःच्या कामावर पोट भरतोय, गावाकडे आई निवांत झोपते, ते या बाईमुळे.

मी बीडकडचा. सातवीतून शाळा सोडली. भुताखेताचं म्हणाल तर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या शेताजवळच्या चिंचेला सगळे भ्यायचे, मी उन्हाळ्यात तिच्याच खाली झोपायचो. मला भीती वाटायची ती वेगळ्याच गोष्टींची... काम सुटेल का, गाडी बंद पडेल का, साहेब रागावतील का. अजूनही वाटते. स्वभाव आहे.

तर, आमच्या गावचे काशिनाथमामा वाशीला असतात. त्यांचा एक बंद बॉडीचा टेम्पो होता – पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे पत्र्याची खोली, तिला बाहेरून कडी आणि कुलूप. मामांनी मला तो चालवायला दिला आणि सांगितलं, "पावसाळ्याच्या आत कुठल्यातरी कंपनीचं कायमचं काम मिळव. मिळालं तर गाडी तुझ्याकडंच राहील. नाही मिळालं तर मी ती विकणार, आणि तू आपला गावाकडं जा." गावाकडे जाऊन काय करणार, हे त्यांनी विचारलं नाही.

मला जमलं ते अर्जंट मालाचं काम. ठाणे-बेलापूर रस्त्याला कंपन्याच कंपन्या. कुठे मशीन बंद पडलं की एखादा पार्ट आत्ताच्या आत्ता पोचवावा लागतो. ट्रक भरायची वाट बघायला वेळ नसतो. एकच पेटी घ्यायची आणि सुटायचं. तुर्भ्याच्या एका वर्कशॉपचे शेठ मला अधूनमधून बोलवायचे. मी दारात टेम्पोतच बसून असायचो, म्हणजे दुसरा कोणी नको जायला.

राहायला जागा नव्हती. टेम्पोतच झोपायचो, करावे गावाच्या कडेला. एका सकाळी कोणीतरी पत्रा बडवला. बघतो तर कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या घातलेली, कमरेवर हात ठेवून उभी असलेली एक बाई.

"कनचा रं तू? घाटावरचा का?"

"हो. बीडचा."

"इथं डास तुना उचलून नेतील. माझे अंगनात लाव गारी. आनि सकाली आमाना बाजारात सोर."

झालं. त्या दिवसापासून तिच्या अंगणात टेम्पो, पडवीत माझं अंथरूण, आणि सकाळी मागच्या खोलीत हिराबाय, चार-सहा बायका आणि मासळीच्या पाट्या. वर्कशॉपचा क्लार्क म्हणायचा, "तुझ्या गाडीत लोखंड ठेवलं तरी त्याला मांजरं लागतील." म्हणून मी बाजारातून परतलो की फरशी फिनेल टाकून धुवायचो.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बंद टेम्पोत मागच्या माणसाचं बोलणं ड्रायव्हरला ऐकू येत नाही. म्हणून पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आणि गाडी रिव्हर्स घ्यायची असली की मागचा माणूस हळूहळू थापा मारत राहतो. थापा चालू तोवर मागे यायचं, थाप थांबली की ब्रेक. ही भाषा सगळीकडे तीच. हिराबायची थाप मात्र मी डोळे मिटून ओळखली असती. धप् – आणि तिच्यामागे बांगड्यांची किणकिण.

तिचं बोलणं तेवढं मला समजायचं नाही. त्यांच्या बोलीत गाडीची गारी होते, ते कळलं होतं. बाकी मी अंदाजाने मान हलवायचो.

त्या दिवशी सकाळी बाजारात उतरताना ती म्हणाली, "आज अवस हाय. दुपारशी पानी मस चरल. खालून नको जाव."

अवस आणि चरणं. माझ्या डोक्यात एकदम बैलच आले. आमच्याकडे अमावस्येला बैलांना औताला जुंपत नाहीत, सोडून देतात चरायला. मी आपला खुशीत म्हणालो, "हो, आमच्याकडं पण अवसेला सोडतात."

"क सोरतान?"

"बैल."

तिने बाकीच्या बायकांकडे बघितलं. एक जण म्हणाली, "हिरे, तुझा घाटी उन्हानं गेला." सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि निघालो. वर्कशॉपला पोचायचं होतं.

पोचलो तर शेठ दारातच. बंदराच्या कामावर, जासईच्या पुढे, मोठा पंप बंद पडला होता. त्याचा नवा शाफ्ट लाकडी पेटीत तयार होता. शेठ म्हणाले, "त्यांची जेवणाची सुट्टी संपायच्या आत पोचव. त्यांचं काम आता रोजचं निघणार आहे. आज वेळेत गेलास तर ते तुझं. नाहीतर माझ्या भाच्याचा टेम्पो आहेच."

पेटी मी स्वतः दोराने आवळली. खाली पोती घातली. कडी लावली, कुलूप घातलं, किल्ली खिशात. हे मी का सांगतोय ते कळेल.

जासईच्या अलीकडे पुलाच्या तोंडाशी एक ट्रेलर आडवा होऊन बसला होता. मागे रांग. ड्रायव्हर लोक खाली उतरून बिडी ओढत होते, म्हणजे विषय संपला. मग मला खाजणातला रस्ता आठवला. खाजण म्हणजे खाडीकाठची दलदल. तिच्यातून मिठागराचा एक मातीचा बांध जातो, एक गाडी जाईल एवढा, आणि पलीकडे परत डांबरी रस्त्याला लागतो. मी एकदा सकाळच्या वेळी त्यावरून गेलो होतो. खडखडीत होता. मी गाडी वळवून खाली घातली.

ऊन भरपूर होतं. दोन्ही बाजूंना चिखल, त्यात पांढरे बगळे. मला बरं वाटायला लागलं होतं. अर्धा बांध ओलांडला असेल...

धप्.

माझ्या पाठीमागच्या पत्र्यावर. आणि बांगड्या.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. पहिला विचार काय आला सांगू – बाई सकाळी उतरलीच नाही की काय, मागे झोपली असेल. पण फरशी तर मी धुतली होती. पेटी मी चढवली होती. उतरलो, कुलूप काढलं. आत पेटी. दोर तसाच आवळलेला. फिनेलचा वास. बाकी काही नाही.

पत्रा तापला असेल, म्हटलं. कुलूप लावलं, गाडी पुढे काढली.

धप्.

या वेळी इतकी जोरात की माझी मान पुढे गेली. रागावल्यासारखी. मी ब्रेक दाबून तसाच बसलो. मागे बघायची हिंमत नव्हती, म्हणून पुढे बघत राहिलो. आणि पुढे बांध चमकत होता.

पाणी होतं. लाट नाही, आवाज नाही. दोन्हीकडून चिखलातून वर येत, गवताच्या एकेका झुडपापाशी थांबत, पुढे सरकत... जनावर चरत चरत येतं ना, तसं. तिथे मला सकाळचं बोलणं कळलं. आमच्या गावाला नदीसुद्धा उन्हाळ्यात कोरडी. अवसेला समुद्र खाडीत चढतो, हे मला कोण सांगणार? खूप चढेल, त्याचं त्यांच्यात "मस चरल". तिने तर सांगितलं होतं. मीच बैल सोडून बसलो.

वळवायला जागा नव्हती. रिव्हर्सच घ्यायचा. पण मागे बंद खोली, आरशात फक्त चिखल दिसतो. चाक हातभर चुकलं तर गाडी, पेटी, शाफ्ट सगळं खाडीत, मामांचा टेम्पो गेला, माझं काम गेलं. मी कदाचित रडत होतो. रिव्हर्स टाकला.

आणि मागून थापा सुरू झाल्या. हळू. एकामागून एक, बांगड्यांसकट.

खोटं वाटेल. पण मी काय करणार होतो? थापा चालू तोवर मागे आलो. थांबल्या की थांबलो. स्टेअरिंग जरा फिरवून बघितलं – गप्प. दुसरीकडे फिरवलं की परत थापा. असं करत करत मी पूर्ण बांध उलटा आलो. वाटेत भीती कधी गेली ते कळलंच नाही. अंगणात गाडी लावताना हिराबाय मागे उभी असते, तेच वाटत होतं.

बांधाच्या तोंडाशी मिठागराचा राखणदार, एक म्हातारा, छत्री घेऊन उभा होता. तो माझ्यावरच खेकसला.

"येरा का तू? अवसेचा खाली घुसतंस? आनि बायला आत कोंरून ठेवलंस. कवाशी ठोकतंय ती. खोल आधी."

मी किल्ली त्याच्या हातात दिली. त्याने स्वतः कुलूप काढलं, आत डोकं घातलं. पेटीच्या मागेही बघितलं. मग कडी लावली, किल्ली परत दिली. आवाज एकदम खाली आलेला.

"कुठचा माल हाय?"

"जासईच्या पुढं."

"रस्ता मोकला झालाय. सावकास जा."

ट्रेलर खरंच बाजूला झाला होता. साईटवर पोचलो तेव्हा लोक जेवून नळावर हात धूत होते. तिथल्या सुपरवायझरने पेटी उतरवून घेतली, चाकांचा चिखल बघितला आणि म्हणाला, "पोहत आलास काय?" मी हो म्हणालो. काम मला मिळालं. आजही तेच करतोय.

संध्याकाळी करावेला आलो. हिराबाय ओट्यावर बसली होती, उजवा हात मिठाच्या कोमट पाण्याच्या टोपात. मी अजून एक शब्द बोललो नव्हतो.

"काय झालं हाताला?"

"ठावं नाय. दुपारशी उठलू तं तलवा सुजलाय."

तिची सून आतून म्हणाली, "बाजारातून आली ती खांबाला टेकून झोपली. हाका मारून दमलू, उठं ना. आनि बोलतंय काय, हात दुखतंय."

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. राखणदाराचंही. सून दारातच थांबली. हिराबायने टोपातून हात काढला, उलटापालटा करून बघितला, जसा काही कोणा दुसऱ्याचा आहे.

"मी तं झोपलेली," ती म्हणाली. मग विचारलं, "पेटी पोचली?"

"पोचली. काम मिळालं."

"मंग जेव."

एवढंच. नंतर तिने हा विषय काढला नाही, मलाही काढू दिला नाही. वर्कशॉपच्या इंजिनीयर साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, उन्हाने पत्रा फुगतो आणि वाजतो. वाजत असेल. मोठ्या शिकलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही. पण पत्रा बांगड्या घालत नाही, आणि हाताला सूज का आली हे त्यांनाही सांगता येईना. मी पुष्कळ विचार केला. खरं सांगायचं तर आता मी कारण शोधतही नाही.

तिला लुगडं नेलं तर सुनेला देऊन टाकलं. भाडं तर पहिल्यापासून घेत नाही. मागे एकदा जेवताना तिने विचारलं, "तुमचेकरं खाडीच नाय? भरती नाय, ओहोटी नाय? मंग पानी दिसभर करतंय काय?" मी म्हणालो, विहिरीत गप्प बसतं. ती किती तरी वेळ हसली. म्हणाली, "असा पानी मना एकदा बगवाचा हाय."

कामातून चार दिवस मोकळे काढणं अजून जमलेलं नाही. पण ज्या दिवशी जमेल त्या दिवशी टेम्पोत एकही पेटी घेणार नाही. हिराबायला पुढे, माझ्या शेजारच्या सीटवर बसवणार, घाट चढवून थेट आमच्या विहिरीच्या काठाशी नेऊन उतरवणार, आणि आईला सांगणार, ही ती. हे मी इथे लिहून ठेवतोय, म्हणजे मला टाळता येणार नाही.