पुलाअलीकडचा सिग्नल

इनुकाईंनी मला गाडी शिकवली ती शिव्या घालून. "आधी बोट, मग डोळे, मग तोंड! बघायच्या आधी जीभ चालली तर हात मोडीन, मुरोता!" आमच्या खासगी रेल्वेत मोटरमन केबिनमध्ये एकटा असला तरी प्रत्येक सिग्नलकडे पांढऱ्या हातमोज्यातलं बोट करतो आणि रंग मोठ्यानं बोलतो. लोक हसतात. हसू देत.

पाचशे मालिकेची लाल गाडी त्यांनी चौतीस वर्षं चालवली. नव्या गाड्यांत सगळं एकाच दांड्यावर. हिचा ब्रेक वेगळा, उजव्या हाताला. तो ते इतक्या अलगद लावायचे की डब्यात उभ्या असलेल्या म्हातारीचाही तोल जात नसे. माणूस महाखडूस, पण गाडीला कधी दुखवलं नाही. आता पाचशेच्या सगळ्या गाड्या भंगारात निघाल्या होत्या. शनिवारी दुपारची शेवटची फेरी इनुकाईंना मिळाली. चौतीस वर्षांत त्यांनी साहेबांकडे तेवढी एकच गोष्ट मागितली होती. नवे हातमोजे घरी इस्त्री करून तयार ठेवले होते.

गुरुवारी मी तपासणीसाठी त्यांच्या शेजारी उभा होतो. कामिनोच्या पुलाअलीकडचा सिग्नल त्या वेळेला कायम हिरवा असतो. त्या दिवशी फाटकात टेम्पो अडकला होता, म्हणून लाल होता. इनुकाईंनी बोट केलं. "हिरवा!"

"अहो, लाल आहे! ब्रेक!"

गाडी जेमतेम थांबली.

"दिसत नाही तुम्हाला?"

"मधेच धुरकट होतं."

"मग डोळ्यांच्या तपासणीत पास कसे झालात?"

"तक्ता पाठ आहे." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "मुरोता, एकच फेरी रे. रस्ताही पाठ आहे मला."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. मी संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. दुसरं काय करणार होतो? मागे चारशे माणसं असतात. तरी त्या रात्री मला स्वतःची किळस आली.

शेवटची फेरी माझ्यावर आली. शनिवारी माझं कपाट उघडलं तर आत त्यांचे इस्त्रीचे हातमोजे. चिठ्ठी नाही, काही नाही. मी ते घातले.

फोटो काढणारे रुळापर्यंत घुसले होते, म्हणून पुलाअलीकडे पुन्हा लाल. मी गाडी थांबवली. कुंपणापलीकडे इनुकाई उभे होते, पूर्ण गणवेशात, बायकोचा, फुमिएवहिनींचा हात धरून. त्यांनी तो हात सोडला, सिग्नलकडे बोट केलं आणि खणखणीत ओरडले, "हिरवा! सोड ब्रेक, गाढवा!"

फोटोवाले खो खो हसले. वहिनींनी मान खाली घातली.

माझी खिडकी उघडी होती. मी बोट केलं, डोळे वर केले. हळू आवाजात बोलायला त्यांनी मला शिकवलंच नव्हतं.

"लाल!"